वॉरंटीतल्या गाडीसाठी भांडायला जाताय? आधी जॉब कार्डाचं बघा

मेहुण्याचा परवा रात्री खानापूरहून फोन आला. नवी गाडी, अजून वर्ष झालं नाही, आणि चालता चालता स्टिअरिंग दगडासारखं जड होतंय, दोनदा सर्व्हिस सेंटरला दाखवून आणलं तरी तेच. मी त्याला एकच विचारलं, दोन्ही वेळची जॉब कार्डं, म्हणजे गाडी देताना तक्रार टाइप करून आपली सही घेतात ते कागद, कुठायत? तर म्हणे एकदा दिलंच नाही आणि दुसरं डॅशबोर्डच्या कप्प्यात असेल, बघायला पाहिजे. ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण अगदी हेच मी केलं होतं आणि माझ्या खिशातले ५८ हजार गेले. त्याला तासभर सांगितलं खरं, पण फोनवरचं डोक्यात राहत नाही, म्हणून सगळं सलग लिहून काढतोय, ज्याला लागेल त्याने घ्या.

माझं काय झालं ते आधी सांगतो. गाडी कोल्हापूरच्या शोरूममधून घेतलेली, सर्व्हिसिंग बेळगावात. जांबोटी, कणकुंबी करून चोर्ला घाट उतरत होतो, पाऊस, मागे आई आणि दोन पोरं. तिसऱ्या गिअरवर उतार घेताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि गिअरचा दांडा तळहाताला धक्का देऊन खट्ट करून न्यूट्रलला आला. इंजिनाचा आवाज एकदम खाली आला, गाडी मोकळी सुटली, पुढे वळण. ब्रेकवर सावरलं. खाली पोचेपर्यंत आणखी दोनदा तसंच, शेवटी दांडा हातानं दाबून धरूनच उतरलो. परत आल्यावर लगेच दाखवली. सर्व्हिस ॲडव्हायझर बोलायला चांगला, 'बघतो सर, सेटिंग असतंय' म्हणाला आणि कार्डावर टाइप केलं 'जनरल चेकअप'. दुसऱ्या वेळी 'नॉइज चेक'. तिसऱ्या वेळी काय टाइप केलं मला माहीतच नाही कारण कॉपी मी घेतलीच नाही, गाडी मिळाली की किल्ली घेऊन निघालो. वॉरंटी संपून ५ आठवडे झाल्यावर गिअरबॉक्स उघडला, सिंक्रोनायझर (गिअर नीट बसवणारा भाग) आणि थर्ड गिअर गेलेला, आणि कंपनीचं उत्तर आलं की वॉरंटीच्या काळात गिअरबॉक्सची कुठलीही तक्रार आमच्या रेकॉर्डला नाही. आणि खरंच नव्हती. तीन वेळा तोंडानं सांगितलेलं कुठंच नव्हतं.

तर जॉब कार्ड. गाडी द्यायला जाल तेव्हा घरातूनच तक्रारीचं एक वाक्य कागदावर लिहून न्या, आणि ॲडव्हायझरला सांगा की हेच टाइप करा, तुमच्या शब्दांत नको. 'गिअरचा प्रॉब्लेम' असं लिहू नका, त्याला काही अर्थ नाही. कधी होतं, कुठल्या गिअरला, गाडी गरम असताना की थंड, चढाला की उताराला, किती वेळा झालं, हे सगळं त्या वाक्यात पाहिजे. माझं वाक्य असं असायला हवं होतं: 'उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की तिसरा गिअर आपोआप न्यूट्रलला येतो, आतापर्यंत तीन वेळा.' एवढंच. कार्डावर तारीख, किलोमीटर रीडिंग आणि तक्रार हे तिन्ही वाचून बघा, मगच सही करा. कार्ड इंग्रजीत असतं म्हणून लाजू नका, कळत नसेल तर शेजारी उभ्या असलेल्याला वाचून दाखवायला सांगा, पाठीमागे गाड्यांची रांग लागलीय म्हणून घाई करू नका, त्या रांगेनं माझे पैसे भरले नाहीत. तो 'सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही' म्हणाला तर प्रिंट काढून त्यावर पेनानं लिहायला लावा, सही शिक्का घ्या, आणि तिथं उभं राहूनच मोबाईलवर फोटो काढा.

परत आणतानाही तेच. क्लोजिंगचा कागद मागा, त्यावर त्यांनी काय केलं ते लिहिलेलं असतं, 'ओके, नो फॉल्ट फाउंड' असलं तरी तो कागद घ्या कारण तुम्ही तक्रार केलीत हे त्यातूनच दिसतं. फक्त समाधान झाल्याचा जो कागद पुढे सरकवतात त्यावर न बघता सही नको. दोष गेला की नाही हे घाटात उतरल्यावरच कळणार असेल तर तसंच लिहा, 'दोष पुन्हा आला तर परत आणीन' आणि मग सही. प्रत्येक भेटीला तक्रारीचं वाक्य तेच ठेवा, शब्दसुद्धा बदलू नका. एकाच दोषासाठी चार वेळा गेलात आणि चार कार्डांवर चार वेगळ्या तक्रारी असतील तर कंपनीचा वकील त्याला चार किरकोळ कामं म्हणणार. कार्ड हरवलं असेल तर सर्व्हिस सेंटरकडे ईमेल करून गाडीची सगळी सर्व्हिस हिस्टरी मागा, त्यांच्या कॉम्प्युटरला असते. आज मागा, भांडण सुरू झाल्यावर मागितली की मिळायला वेळ लागतो.

व्हिडिओ काढा हे सगळेच सांगतात, काढा, पण गाडी चालवणाऱ्यानं नाही, शेजारच्यानं. व्हिडिओत मीटर दिसला पाहिजे, किलोमीटरचा आकडा आणि दिवा लागला असेल तर तो दिवा. इंजिन किंवा इलेक्ट्रिकचा दोष असेल तर स्कॅनर लावून जे कोड निघतात त्याचा फोटो घ्या, कोड पुसायच्या आधी घ्या, ते पहिलं कोडच पुसतात. टोइंगचे पैसे रोख देऊ नका, यूपीआयनं द्या. गाडी बंद असताना रिक्षा, टॅक्सी, बस काय काय केलं त्याच्या पावत्या एका पाकिटात. निपाणीकडचे लोक कोल्हापूरला गाडी नेतात, त्यांच्यासाठी फास्टॅगचं स्टेटमेंट कामाचं आहे, कोगनोळी टोलची तारीख आणि वेळ त्यात येते, कितीदा खेपा घातल्या ते दिसतं.

आता काय करू नका ते. वॉरंटी चालू असताना बेळगावच्या उद्यमबागेतल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून गिअरबॉक्स किंवा इंजिन उघडून घेऊ नका. तो कितीही हुशार असू दे, आपल्याकडे हाताला चांगले मिस्त्री आहेत हे मला माहीत आहे, पण एकदा बाहेर उघडलं की कंपनी तिथंच हात झटकते. बाहेरून लाईट, हॉर्न, कॅमेऱ्यासाठी वायर कापून जोडणं नको, इलेक्ट्रिक दोष निघाला की बोट तिकडंच जातं. ठरलेली सर्व्हिसिंग चुकवू नका, किलोमीटर किंवा महिने यातलं जे आधी होईल ते. हप्ता थांबवू नका, बँकेचा आणि दोषाचा संबंध नाही, हप्ता थकला की तुमचंच रेकॉर्ड खराब होतं. आणि रागाच्या भरात गाडी विकू नका, केस चालू असताना विकली तर ग्राहक म्हणून उभं राहणंच अडचणीत येतं.

वॉरंटीचं पुस्तक एकदा नीट वाचा. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर असल्या झिजणाऱ्या वस्तू त्यात धरलेल्या नसतात किंवा थोड्या काळासाठीच असतात, म्हणून गिअरबॉक्सच्या दोषाला कुणी 'क्लच झिजलाय, तुमची चालवायची सवय' म्हणालं तर ते लेखी मागा. लेखी द्यायला सहसा कुणी तयार होत नाही, मग त्याच दिवशी आपण ईमेल करायचा, 'आज अमुक वाजता मला असं सांगण्यात आलं'. चेसिस नंबर, म्हणजे १७ अक्षर-आकड्यांचा तो नंबर, कंपनीच्या वेबसाइटवर टाकून रिकॉल, म्हणजे दोषासाठी कंपनीनं गाड्या परत बोलावणं, आहे का बघा, रिकॉलमध्ये बसत असेल तर काम फुकट होतं. रिकॉलचा कायदाही आहे, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ११०-अ आलं, आणि नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. सुरक्षेचा दोष असेल तर परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर मालकाला तक्रार नोंदवता येते. स्टिअरिंग, ब्रेक, आग असलं काही असेल तर ही तक्रार कराच, तुमच्यासारखे आणखी किती आहेत ते त्यातूनच पुढे येतं.

मग वरच्या पायरीला. सर्व्हिस मॅनेजर, मग कंपनीचं कस्टमर केअर, फोनवर बोललात तर तक्रार नंबर लिहून घ्या आणि पाठोपाठ ईमेल. ईमेलला काय जोडायचं? जॉब कार्डं. तारखेप्रमाणे लावून, सगळी. त्यानं नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथून कंपनीकडे तक्रार जाते, पुष्कळदा त्यावर हालचाल होते पण तो निकाल नव्हे, त्यावर वाट बघत वर्ष घालवू नका. ग्राहक आयोगात केस घालायची मुदत दोन वर्षांची आहे, तक्रारीचं कारण घडलं तिथून. नंतर स्पीड पोस्टानं नोटीस, शोरूम, सर्व्हिस सेंटर आणि कंपनी तिघांनाही. एकालाच पाठवली की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, माझ्या वेळी कोल्हापूर म्हणायचं बेळगावला विचारा आणि बेळगाव म्हणायचं गाडी आमच्याकडून घेतलेली नाही.

हे आपल्या भागातल्या लोकांनी नीट लक्षात घ्या. गाडी कोल्हापुरात घेतली म्हणून केस कोल्हापुरातच घालावी लागेल असं मला दोघांनी सांगितलं होतं आणि मी त्यावर गप्प बसलो. ते जुनं झालं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्यात तुम्ही जिथं राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे खानापूरच्या माणसानं गाडी कुठूनही घेतलेली असू दे, बेळगावात केस चालते, आणि चंदगडच्या माणसानं बेळगावात घेतली तर त्याला कोल्हापूर आहे. वकील लावलाच पाहिजे असं नाही, आपण स्वतः उभं राहू शकतो. ५० लाखांपर्यंत किंमत दिलेली असेल तर जिल्हा आयोग. फी बघा, ५ लाखांपर्यंत काहीच नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. घरबसल्या ऑनलाइनही दाखल होते. फक्त बेळगावात कागद कन्नड किंवा इंग्रजीत लागतात, तेव्हा मराठीत लिहिलेली पत्रं, टोइंगवाल्याची मराठी पावती यांचं इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा. टेम्पो किंवा टॅक्सी असेल आणि ती स्वतः चालवून घर चालवत असाल तर 'धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहक नाही' हे ऐकून घेऊ नका, स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली गाडी कायद्यात ग्राहकाचीच आहे. गाडी फर्मच्या नावावर असेल तर मात्र वकिलाला विचारा.

मागणी काय लिहायची? नवी गाडीच पाहिजे एवढंच लिहून अडून बसू नका. २००६ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की वॉरंटी फक्त दोष असलेला पार्ट बदलून द्यायची असेल तर अख्खी गाडी बदला असा आदेश देता येत नाही. म्हणून क्रमानं मागा, गाडी बदलून द्या, नाहीतर पैसे परत, नाहीतर अख्खा गिअरबॉक्स नवीन आणि त्यावर वाढीव वॉरंटी, शिवाय नुकसानभरपाई आणि खर्च. मूळ बनावटीतलाच दोष आहे हे दाखवायला तज्ज्ञाचा रिपोर्ट लागतो, आयोगाकडे तपासणीचा अर्ज करा, त्याची फी आपल्यालाच आधी भरावी लागते, इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेकॅनिकलवाल्यांकडून तपासून घेता येतं. तपासणी होईपर्यंत तो पार्ट बदलून घेऊ नका, घ्यावाच लागला तर जुना पार्ट ताब्यात मागा, नाही दिला तर तेही लेखी. मी जुने गिअर तिथंच सोडून आलो, पुढं दाखवायला हातात काही राहिलं नाही. आणि तज्ज्ञसुद्धा पहिल्यांदा काय मागतो? आधीची जॉब कार्डं मागतो.

बाकी भराभर. प्रतिज्ञापत्र, आरसी, टॅक्स इन्व्हॉइस, इन्शुरन्स, वॉरंटीच्या पुस्तकाची झेरॉक्स, सगळ्याचे सेट जास्तीच काढा. समोरच्याला उत्तराला ३० दिवस आणि वर फार तर १५. मध्यस्थीला पाठवलं तर जा, पण तोंडी तडजोड नको. निकाल विरुद्ध गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोग. तारखांना स्वतः जा.

मेहुण्याची गाडी सोमवारी परत जाणार आहे. वाक्य आम्ही फोनवरच ठरवलं, 'चालत्या गाडीत स्टिअरिंग अचानक जड होतं, मीटरवर स्टिअरिंगचा दिवा लागतो, गाडी बंद करून चालू केली की जातो, आतापर्यंत चार वेळा.' त्यानं ते वहीत लिहून घेतलंय. मागच्या दोन्ही भेटींच्या कार्डांची प्रिंटही त्याच दिवशी मागायची, ती हातात पडल्याशिवाय किल्ली द्यायची नाही असं मी त्याला सांगितलंय.