सोसायटीच्या सभेत मुद्दा पटवायचा तर

वक्तृत्व म्हणजे आवाज चढवून बोलणं, हा समज आधी सोडा. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलच्या मते समोरच्या प्रसंगात पटवण्याची कोणती साधनं हाताशी आहेत हे हेरण्याची शक्ती म्हणजे वक्तृत्व. म्हणजे निम्मं काम सभेआधीच होतं.

त्याने श्रोत्यांवरून भाषणांचे तीन प्रकार पाडले आणि प्रत्येकाला एक काळ जोडला. न्यायालयात बोलतात ते झालेल्या गोष्टीवर, गौरवात किंवा निंदेत मुख्यतः आजच्या स्थितीवर, आणि सभेत पुढे काय करायचं यावर. आपल्या वार्षिक सभा नेमक्या इथेच घसरतात. विषय असतो गळक्या टाकीचा आणि अर्धा तास जातो तो मागच्या कमिटीने कंत्राटदार कुठून आणला यात. अशा वेळी खुलासे देत बसू नका. ‘तो हिशेब वेगळा घेऊ, टाकीचं काय करायचं ते ठरवू,’ एवढंच म्हणा, आणि लागलं तर पुन्हा म्हणा.

विषय आधीच विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. ‘ऐनवेळचे विषय’ येईपर्यंत लोक चपला शोधत असतात. ठराव एका वाक्यात लिहा, सूचक-अनुमोदक आधीच ठरवा, तीन कोटेशनं सोबत ठेवा. बोलायला तीन मिनिटं, म्हणजे साधारण साडेतीनशे शब्द.

आकडा घरटी सांगा. ‘6 लाख’ ऐकून 40 घरांची सोसायटी दचकते. ‘घरटी 15 हजार, दरमहा दीड हजाराचे दहा हप्ते’ म्हटलं की लोक मनात हिशेब करू लागतात. कंत्राटदार तुमच्या ओळखीचा असेल तर ते तुम्हीच पहिल्या मिनिटात सांगा. दुसऱ्याने सांगितलं की पुढचे सगळे आकडे संशयास्पद ठरतात.

भावनेला हात घालायचा तो जपून. भीतीने माणूस विचार करू लागतो, पण सुटकेची आशा असेल तरच, हेही ॲरिस्टॉटलचंच निरीक्षण. म्हणून ‘स्लॅब कोसळेल’ म्हणून थांबू नका. लगेच उपाय, खर्च आणि तारीख सांगा. सर्वांत जड आक्षेप (बहुधा ‘भाडेकरूंच्या पाण्याचे पैसे आम्ही का भरायचे?’) स्वतःच मांडून उत्तर द्या.

ठराव मंजूर झाला की रक्कम आणि मुदत लिहून घेतली का ते पाहा, आणि लिहिलेलं सेक्रेटरींकडून तिथेच मोठ्याने वाचून घ्या.