पावसाळ्यात कुत्र्याला घरातच दमवा

मुंबईत जुलैमध्ये पाऊस कधी कधी दोन-दोन दिवस उसंत देत नाही, आणि फिरायला न मिळालेलं कुत्रं चपला, सोफ्याचे कोपरे कुरतडायला लागतं. त्याला ओरडू नका, त्याच्या नाकाला काम द्या. रोजच्याच जेवणातला मूठभर सुका खाऊ जुन्या टॉवेलवर पसरा, टॉवेलची गुंडाळी करा आणि त्याच्यापुढे ठेवा. जमायला लागलं की सैलशी गाठ मारा. मग 'बस', 'थांब' सांगून याच खाऊचे दाणे दाराआड, खुर्चीखाली लपवा आणि 'शोध' म्हणा. वासावरून शोधताना कुत्र्याचा मेंदू चांगलाच दमतो; दहा-पंधरा मिनिटांनी बरीच कुत्री समाधानाने आडवी होतात. शिवाय 'थांब' पक्कं झालं की लिफ्टच्या दारातही तेच कामी येतं. हा खाऊ जेवणातून वजा करा, नाहीतर वजन वाढतं. गुळगुळीत लादीवर चेंडू मात्र फेकू नका. पाय घसरून सांधे दुखावतात.

शी-शूसाठी खाली न्यावंच लागतं. तेव्हा साचलेल्या पाण्यातून अजिबात नेऊ नका, ते पिऊही देऊ नका. उंदरांच्या लघवीतून त्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात, आणि हा आजार कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. याची लस दरवर्षी द्यावी लागते. पावसाळ्याआधीच डॉक्टरांकडून तारीख तपासून घ्या. घरी आल्यावर पंजे धुऊन बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करा. ओल राहिली तर तिथे बुरशी धरते, आणि गोचिडही तिथेच लपतात.