चाफ्याचं पाणी तोडायची वेळ

परतीचा पाऊस ओसरला की चाफ्याकडे लक्ष द्यायचं, पण पाणी द्यायला नव्हे, तोडायला. इथे चाफा म्हणजे देवळाजवळचा पांढरा खुरचाफा आणि लाल चाफा. सोनचाफ्याला हा सल्ला लावू नका, ते झाड वेगळं आणि त्याला हिवाळ्यातही ओल लागते. खुरचाफा मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. पावसानंतरचा लांबलचक कोरडा काळ तो जाड फांद्यांतल्या पाण्यावर, पानं गाळून काढतो.

त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात पानं पिवळी पडली तर घाबरू नका. अशा वेळी पाणी आणि वर युरिया वाढवणारे बरेच असतात, आणि तिथेच मुळं कुजतात. पानगळ सुरू झाली की पाळ्या लांबवा. झाड उघडं पडलं की जमिनीतल्या मोठ्या झाडाचं पाणी बंदच करा. कुंडीतल्या किंवा पहिल्या वर्षाच्या रोपाला महिन्यातून एखादं हलकं पाणी पुरतं. बोथट पानांचा सदाहरित चाफा मात्र पानं धरून असतो. त्याला वरची माती बोटभर खोल सुकल्यावर थोडं थोडं देत राहा.

फांदी दाबून बघा. सुरकुतली पण टणक असेल तर तहान आहे, एका पाण्यात भरून येते. मऊ, काळपट लागली तर ती कूज. धारदार चाकूनं आतला गाभा स्वच्छ पांढरा दिसेपर्यंत कापत खाली या. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, कातडीलाही चुरचुरतो.

खरी अडचण काळ्या जमिनीत. विदर्भ-मराठवाड्यात खड्डा घेऊन त्यात मुरूम-वाळू भरतात. भोवतीची चिकण माती पाणी सोडत नाही, आणि त्या खड्ड्याची विहीर होते. त्यापेक्षा माती, मुरूम आणि थोडं कुजलेलं शेणखत मिसळून फूट-दीड फूट उंच गादी करा आणि रोप तिच्यावर लावा. कोकण-गोव्यात जांभ्याच्या उतारावर निचरा आपोआप होतो, पण कातळात खोदलेल्या खड्ड्याला खालच्या अंगानं वाट काढून द्यावीच लागते. देशावरच्या मुरमाड माळावर झाड सुखात असतं. नव्या रोपांना उन्हाळ्यात आठवड्यानं पाणी द्या, ड्रिपर बुंध्यापासून फूटभर लांब ठेवा.

निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या पट्ट्यात कोवळे शेंडे काळे पडतात. लहान रोपांना रात्री गोणपाट गुंडाळा. युरोप-अमेरिकेत कुंडीत चाफा जपणाऱ्यांनी रात्रीचं तापमान 10 अंशांकडे उतरू लागलं की कुंडी आत घ्यावी. पानं गळलेली असतील तर गॅरेजचा अंधारही चालतो, पाणी जवळजवळ बंदच ठेवा.

पानांखाली नारिंगी भुकटी दिसते तो तांबेरा. पानं आता गळणारच आहेत, फवारणीवर खर्च करू नका. गळलेली पानं गोळा करून जाळा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंड्याला हिरवं टोक फुटलं की पाणी हळूहळू सुरू करा. छाट कलमंही तेव्हाच, पानं यायच्या आत घ्या. हातभर लांबीची कांडी आठ-दहा दिवस सावलीत सुकवा, चीक वाळून तोंड बंद झालं की मगच मातीत खोचा. लावल्यावर एकदा पाणी, मग नवी पानं फुटेपर्यंत माती जेमतेम ओली ठेवा.