मेटल गिटारमध्ये क्लासिकल मिसळताय? मग या चुका टाळा

कोल्हापुरात मेटल वाजवणाऱ्या बऱ्याच पोरांना आता नुसतं मेटल नको असतंय. कुणाला त्यात बाख पाहिजे, कुणाला पॅगानिनी (दोघं जुने युरोपीय संगीतकार), कुणाला भैरव नाहीतर मालकंस. ही ओढ मला मनापासून आवडते, कारण ज्या गावात शाहू महाराजांच्या दरबारी उस्ताद अल्लादिया खाँसाहेब गायले त्या गावातल्या पोरानं डिस्टॉर्शन (मेटलचा तो फाटका, करकरीत आवाज) लावूनसुद्धा शास्त्रीयाकडं वळावं ही चांगलीच गोष्ट आहे. पण ऐकायला बसलं की घोटाळे तेच तेच दिसतात. क्लासिकलमधनं वेग उचललेला असतोय, एखादी स्केल उचललेली असतेय, आणि एका सुरानंतर दुसरा सूर का येतो, दोन सूर एकत्र का शोभतात, हा खरा ऐवज तिथंच राहिलेला असतोय. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका त्यातनंच येतात.

सुरुवात गेनपासून, म्हणजे डिस्टॉर्शन किती घालायचं त्या बटणापासून करू, कारण बाकी कितीही अभ्यास केला तरी गेन चुकला की सगळं पाण्यात.

कॉर्ड वाजवली की चिखल होतोय, एकेक सूर कळत नाही, ही तक्रार प्रत्येकाची असते आणि उपाय म्हणून लोक नवीन पेडल बघायला लागतात. पेडल बदलून हे जात नाही. डिस्टॉर्शनमध्ये दोन सूर एकदम आत गेले की बाहेर दोनच येत नाहीत, त्यांच्या फ्रिक्वेन्सीची बेरीज आणि वजाबाकीसुद्धा आवाज होऊन बाहेर पडते. पॉवर कॉर्डला, म्हणजे मूळ सूर आणि त्याचा पंचम एवढ्याच कॉर्डला, याचा फायदा होतो. सहाव्या तारेवर पाचव्या फ्रेटचा ए म्हणजे ११० हर्ट्झ, त्याच्यासोबतचा इ साधारण १६५, वजाबाकी ५५, म्हणजे परत ए-च, एक सप्तक खाली. म्हणून तर दोन सुरांची कॉर्ड एवढी भरीव लागते. आता त्याच ए-बरोबर पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा सी वाजवून बघा. १३१ वजा ११०, राहिले २१ हर्ट्झ. हा कुठला सूर नाही, ही नुसती गुरगुर. मेजर कॉर्डमध्ये अजून एक भानगड म्हणजे गिटारच्या फ्रेटवरचा मेजर थर्ड शुद्ध गंधारापेक्षा जवळपास १४ सेंट (एका फ्रेटच्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा असतो, क्लीन टोनवर ते खपून जातं, डिस्टॉर्शनवर उघडं पडतं.

तर करायचं काय? गेन तुम्हाला आवडतो त्यापेक्षा बराच खाली आणा, निदान रेकॉर्डिंगला तरी. थर्ड, म्हणजे मूळ सुरापासून तीन किंवा चार फ्रेट वरचा सूर, खालच्या तारांवर घेऊ नका, तो एक सप्तक वर नेऊन वाजवा. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे कॉर्ड वाटून घ्या. बेसनं रूट, म्हणजे कॉर्डचा मूळ सूर धरायचा, एका गिटारनं एकच सूर, दुसऱ्या गिटारनं एकच सूर. प्रत्येक गिटारच्या डिस्टॉर्शनमध्ये एकेकटा सूर गेला तर वजाबाकीचा प्रश्नच येत नाही, आणि ऐकणाऱ्याला मात्र पूर्ण कॉर्ड ऐकू येते. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो यांचं चौकडीचं वादन असंच तर चालतं, प्रत्येकाकडं आपापली एक ओळ.

हार्मोनिक मायनर पळवली म्हणजे बाख होत नाही

ए हार्मोनिक मायनर म्हणजे ए, बी, सी, डी, इ, एफ, जी शार्प. यातल्या एफ ते जी शार्पच्या उडीला एक खास वास आहे, तो आला की पोरांना वाटतं झालं काम. मग तीच स्केल वर, तीच स्केल खाली, वेग वाढवत. पण बाखच्या ओळी नीट बघितल्या तर तो ही उडी चालीत बहुतेक वेळा टाळतो, वर जाताना एफ शार्प, जी शार्प घेतो आणि खाली येताना साधे जी, एफ घेतो. आपल्याकडं आरोह अवरोह वेगळे असतात हे ज्याला लहानपणापासून माहीत आहे त्याला हे समजायला दोन मिनिटं लागू नयेत. एकदा असं वाजवून बघा, सोलो लगेच गाण्यासारखा व्हायला लागतो.

दुसरं म्हणजे खाली कॉर्ड हलल्याच पाहिजेत. एकाच इ कॉर्डवर दोन मिनिटं हार्मोनिक मायनर पळवली तर ऐकणारा थकतो. ए मायनर, डी मायनर, जी, सी, एफ, बी डिमिनिश्ड, इ, परत ए मायनर, ही बरोक काळातली घासून गुळगुळीत झालेली वाट, विवाल्डीपासून सगळ्यांनी वापरलेली. यावर छोटा तुकडा करायचा आणि तोच तुकडा प्रत्येक कॉर्डवर सरकवायचा, बास. रँडी ऱ्होड्स किंवा इंगवे माल्मस्टीन हे क्लासिकल वळणाचे मेटल गिटारिस्ट ऐकताना वेगाकडं कान न देता खालच्या कॉर्ड कुठं चालल्यात तेवढंच एकदा ऐका.

डिमिनिश्डचं तर लई हाल करतात. जी शार्प, बी, डी, एफ, पहिल्या तारेवर ४, ७, १०, १३ फ्रेट, तीन तीन फ्रेट सरकवत नेलं की झालं, दिसायला भारी आणि हाताला सोपं. मग ते तिथंच सोडून पुढची रिफ सुरू. अरे भावा, हा तणाव आहे, तो सुटला पाहिजे. जी शार्प ए-वर जायला बघतो, एफ इ-वर उतरायला बघतो, डी सी-वर. सोलोतला शेवटचा सूर यातल्या एखाद्या वाटेनं ए मायनरमध्ये आणून टेकवा. तान कितीही घेतली तरी समेवर यायचं असतंय, इथंही नियम तोच.

ट्विन गिटारच्या हार्मनीत एक जण बेसूर का वाटतो

कारण हार्मोनायझर (दुसरा सूर आपोआप जोडणारं पेडल) चार फ्रेटवर लावून ठेवलेला असतो, नाहीतर दुसरा गिटारिस्ट पहिल्याचाच पॅटर्न जसाच्या तसा चार फ्रेट वर वाजवतोय. स्केलमधला थर्ड सगळीकडं सारखा नसतो. ए हार्मोनिक मायनरमध्ये ए, बी, डी आणि जी शार्पच्या वर तीन फ्रेट, तर सी, इ आणि एफच्या वर चार. ए-वर सरळ चार फ्रेट मोजले तर सी शार्प लागतो आणि मायनरची सगळी हवाच जाते. पेडलमध्ये की आणि स्केल निवडायची सोय असेल तर ती सेट करा, नसेल तर हातानं बसवा, हातानं बसवलेलीच चांगली लागते. आणि शेवटपर्यंत दोन्ही गिटार एकाच दिशेनं कशाला चालवायच्या? चार मात्रा एक वर जाऊ दे, दुसरी खाली येऊ दे. क्लासिकलचा रंग मला तरी वेगापेक्षा या उलट्या चालीत जास्त दिसतो.

व्हायोलिनची नोटेशन घेऊन बसणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट. गिटार लिहिलेल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजते. त्यामुळे पॅगानिनीचं कॅप्रिस, म्हणजे एकट्या व्हायोलिनसाठीचा तुकडा, कागदावर बघून जसंच्या तसं बोटं ठेवली तर सगळं एक सप्तक खाली आणि जाड ऐकू येणार, मग लोक म्हणतात माझा टोन खराब आहे. टोन बरोबर आहे, वरच्या फ्रेटवर जा. शिवाय व्हायोलिनच्या तारा पंचमानं जुळवलेल्या आणि आपल्या बहुतेक मध्यमानं, म्हणून तिथं सहज येणारी उडी इथं बोटं मोडते. तुकडा आपल्या हाताला बसेल असा फिरवून घेण्यात काहीच कमीपणा नाही.

स्वीप पिकिंगबद्दल, म्हणजे एकाच झटक्यात पिक लागोपाठच्या तारांवरनं सरकवण्याबद्दल, एवढंच सांगतो की सगळे सूर एकात एक वाजत असतील तर पिकचा हात सोडा आणि डाव्या हाताकडं बघा. सूर वाजला की त्या बोटाचा दाब लगेच सुटला पाहिजे, वरच्या तारा पहिल्या बोटाच्या पोटानं आणि खालच्या उजव्या तळव्यानं दाबलेल्या पाहिजेत. गेन शून्यावर आणून मोबाईलवर रेकॉर्ड करा, मेट्रोनोम साठवर ठेवा. क्लीनवर जे येत नाही ते डिस्टॉर्शनवर आल्यासारखं फक्त वाटत असतंय.

राग आणि पॉवर कॉर्ड

इथं मी जरा जास्त थांबणार आहे, कारण आपल्याकडच्या पोरांना इथं खरी संधी आहे आणि सगळ्यात जास्त नासधूस पण इथंच होते.

हार्मोनिक मायनरचे सूर म्हणजे कीरवाणीचे सूर. तीच स्केल पाचव्या सुरावरनं सुरू केली की बसंत मुखारीचे. हे कळल्यावर लोक लगेच म्हणायला लागतात की आम्ही राग वाजवतोय. सूर तेच असले म्हणून राग होत नाही हे आपल्या कोल्हापूरच्या देवल क्लबात एखादी गाण्याची बैठक ऐकलेल्या कुणालाही माहीत असतंय, पण हातात गिटार आली की विसरायला होतं. मालकंसाचंच बघा. सा ए धरला तर मालकंस ए, सी, डी, एफ, जी. गिटारवाल्याला हे सूर म्हणजे डी मायनर पेंटाटॉनिक, रोजचा बॉक्स, बोटं आपोआप पळतात आणि प्रत्येक तुकडा जाऊन डी-वर थांबतो. ऐकणाऱ्याला डीमधला ब्लूज ऐकू येतो, मालकंस नाही. सा-वर येऊन थांबायला शिकावं लागतं.

त्यावर अजून एक मोठी चूक म्हणजे खाली ए-ची पॉवर कॉर्ड. पॉवर कॉर्ड म्हणजे सा आणि पंचम, आणि मालकंसात पंचम वर्ज्य! वर कितीही तयारीनं वाजवा, खालचा बेस गिटारिस्ट आणि रिदमवाला मिळून राग मोडत असतात. तंबोरा सुद्धा मालकंसाला मध्यमात लावतात की, मग रिफ पण सा आणि मध्यम धरून बसवा, ए आणि डी. डिस्टॉर्शनवर मध्यम छान लागतो. भैरवसारख्या पंचम असलेल्या रागाला मात्र पॉवर कॉर्ड अगदी सोयीची, तंबोऱ्याचंच काम ती करते, फक्त दर मात्रेला कॉर्ड बदलायचा मोह आवरा. कॉर्ड बदलली की कानाला सा बदलल्यासारखा वाटतो आणि वरच्या रिषभ धैवताचा अर्थच बदलतो.

मींड आणि आंदोलन नुसत्या फ्रेटवर येत नाही, बेंड लागतो. पण साध्या बेंडनं सूर चढतो, उतरती मींड पाहिजे तर तार आधी ताणून ठेवायची, मग वाजवायची, मग हळू सोडायची. बहुतेकांच्या वादनात उतरती मींड सापडतच नाही आणि सगळं एकसुरी का वाटतंय हे कळत नाही, कारण हे. भैरवचा कोमल रिषभ डुलायला पाहिजे पण तो व्हायब्रेटो नाही, व्हायब्रेटो बारीक आणि वेगात असतो, आंदोलन संथ असतंय. आधी तोंडानं म्हणा, मग तारेवर शोधा. डिस्टॉर्शनचा इथं खरा फायदा असा की सूर लांब टिकतो, क्लीन गिटारवर मींड अर्ध्यात मरते, इथं ती शेवटपर्यंत जाते. स्कॅलप्ड (फ्रेटमधलं लाकूड कोरून खोल केलेल्या) फ्रेटबोर्डवर बेंड अजून सोपा पडतो, मात्र जोरात दाबायची सवय असेल तर प्रत्येक सूर चढा लागेल, घेण्याआधी कुणाची तरी वाजवून बघा.

बँडमध्ये वाजवताना

मागं स्ट्रिंग्जचा ट्रॅक लावला की गिटार गायब होते, कारण दोघंही त्याच मधल्या पट्टीत भांडतात आणि आपण इक्यूमध्ये मिड कापून बेस आणि ट्रेबल वाढवलेला असतो. खोलीत एकट्यानं वाजवताना ते गोड लागतं, ड्रम्स आल्यावर काही उरत नाही. मिड परत वाढवा, गिटारचं ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं काढून टाका, ते बेसचं घर आहे. व्हायोलिनच्या ट्रॅकला गिटारचीच ओळ द्यायची असेल तर एक सप्तक वर द्या.

रिव्हर्ब डिस्टॉर्शनच्या आधी लावला असेल तर हॉलचा गुंजारव मिळत नाही, नुसता गोंधळ मिळतो. तो नंतर लावायचा, ॲम्पला इफेक्ट्स लूप (इफेक्ट मध्ये जोडायची जागा) असेल तर तिथं. नॉइज गेट (आवाज बारीक झाला की तो बंद करणारं यंत्र) एवढा घट्ट लावतात की लांबवलेल्या मींडेची शेपूट कापली जाते, तेव्हा आधी घरघर कुठनं येते ते शोधा. गणपतीच्या दिवसात मंडपाच्या लायनीवर, डॉल्बीच्या शेजारी ॲम्प लावला आणि अर्थिंग धड नसलं तर ५० हर्ट्झची घरघर येणारच, ती गेटनं झाकायची नसते, आधी वायरिंगवाल्याला बोलवायचं. गिटारच्या तारांना हात लावल्यावर झटका बसत असेल तर वाजवूच नका.

आणि जुलै ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या दमट हवेत गिटारची मान हलते, तारांची उंची बदलते, जूनमध्ये जमणारा स्वीप अचानक अडखळायला लागतो. अशा वेळी बोटांना दोष देऊन तासन् तास घासत बसण्याआधी ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारी आतली दांडी) आणि इंटोनेशन तपासून घ्या, बाराव्या फ्रेटचा सूर आणि तिथलाच हार्मोनिक ट्यूनरवर सारखा दिसतोय का बघा, आणि तारा गंजल्या असतील तर बदलून टाका.