दोन भट्ट्या, दोन व्हेरियन्स: शिरोलीत क्वालिटीला नव्याने लागलेल्यांसाठी

शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. होऊन शिरोली एमआयडीसीत क्वालिटीला लागलेली मुलं दोन सरासऱ्या तपासायच्या म्हटलं की सवयीने स्टुडंटची टी-टेस्ट लावतात. ती दोन्ही गटांचा व्हेरियन्स, म्हणजे आकड्यांचा विस्कटलेपणा, सारखा धरून चालते. फाउंड्रीत तो सारखा मिळेलच असं नाही.

समजा, जुन्या भट्टीच्या 40 कास्टिंगचा हार्डनेस घेतला, स्टँडर्ड डेव्हिएशन (व्हेरियन्सचं वर्गमूळ) 2 बीएचएन (ब्रिनेल हार्डनेस नंबर). नव्या भट्टीचे 10 च नग हाती आले, डेव्हिएशन 6. सरासरीत फरक 3 चा. स्टुडंटच्या पद्धतीने दोन्ही व्हेरियन्स एकत्र केले तर 10 येतो. स्टँडर्ड एरर (फरकातली अनिश्चितता) 1.12, टी (फरक भागिले एरर) 2.68, डिग्रीज ऑफ फ्रीडम (नगांमधून मिळणारी स्वतंत्र माहिती) 48. पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) 0.01 च्या आसपास, साहेब खूश.

आता वेल्चची टेस्ट, जी व्हेरियन्स सारखे धरत नाही. प्रत्येक गटाचा व्हेरियन्स त्याच्याच नगसंख्येने भागायचा आणि बेरीज करायची: 0.1 अधिक 3.6. एरर 1.92, टी 1.56, डिग्रीज 48 वरून थेट साडेनऊ. पी 0.15 च्या घरात. जवळजवळ सगळी अनिश्चितता त्या दहा नगांची होती, ती चाळिसांच्या गर्दीत झाकली गेली होती.

लहान गट जास्त विस्कटलेला असेल तर साधी टेस्ट नसलेला फरक दाखवते, मोठा गट विस्कटलेला असेल तर असलेला दडवते. नग समसमान असतील तर फारसं बिघडत नाही.

‘आधी लेव्हीन (व्हेरियन्स सारखे आहेत का ते तपासणारी टेस्ट) लावू, मग ठरवू’ हे मला पटत नाही. दहा नगांत लेव्हीनलाच व्हेरियन्समधला फरक पकडणं जड जातं. सरळ वेल्च लावा. व्हेरियन्स सारखे निघाले तरी त्यात फारसं काही गमावत नाही. आर या सॉफ्टवेअरमध्ये वेगळं सांगितलं नाही तर वेल्चच चालते. एसपीएसएस दोन ओळी छापतं, खालची वाचा. एक्सेलच्या टी-टेस्टमध्ये टाइप 3. पायथनच्या सायपायमध्ये मात्र व्हेरियन्स सारखे नाहीत हे आपण सांगावं लागतं, नाहीतर ते सारखेच धरतं.

तीन-चार भट्ट्या असल्या तर वेल्चचीच 1951 ची अनोव्हा (अनेक सरासऱ्या एकत्र तपासणारी टेस्ट) आहे. मग दोन-दोन भट्ट्यांच्या जोड्या तपासायला, व्हेरियन्स सारखे धरणाऱ्या टुकीच्या टेस्टऐवजी गेम्स-हॉवेलची.

आणि रिपोर्टमध्ये ते 2 आणि 6 चे डेव्हिएशन पी-व्हॅल्यूच्या वर लिहा. नवी भट्टी एवढी हलतेय, हे मेल्टिंगवाल्यांना सरासरीच्या आधी कळायला हवं.