ब्रेक क्यू घेतला, तरी ब्रेक सुधारत नाही? या चुका टाळा

इंदुरात पूल हा स्नूकरसारखाच टेबलावरचा खेळ खेळू लागणारा खेळाडू बहुतेक वेळा स्नूकरच्या टेबलावरून आलेला असतो, आणि त्यात नवल नाही. स्नूकरचा जन्मच १८७५ साली आपल्या जबलपुरात झाला आणि इंदूरच्या अमी कमानी यांनी याच खेळात राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्यामुळे आपल्या रामबाग, सुदामा नगर, राजेंद्र नगर भागांतील मराठी मुले जेव्हा पूलकडे वळतात, तेव्हा त्यांच्या हाती स्नूकरचा क्यू, म्हणजे खेळायची काठी, असते. पहिले काही महिने सरले की ब्रेकसाठी, म्हणजे रचलेले बॉल फोडणाऱ्या पहिल्या फटक्यासाठी, वेगळा ब्रेक क्यू घ्यावा का, हा प्रश्न हमखास निघतो. माझे उत्तर असे, की ब्रेक क्यूने खेळ सुधारतो, पण ज्या कारणासाठी तो विकत घेतला जातो त्या कारणाने फारसा नाही. त्याचा मोठा उपयोग तुमच्या खेळायच्या क्यूची टिप, म्हणजे टोकावरचे चामडे, जपण्यासाठी होतो. वेग थोडासाच वाढतो, आणि नेम तर आपोआप मुळीच सुधारत नाही.

स्नूकरच्या क्यूने ब्रेक करणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटर व्यासाचा असतो, तर पूलचा ५७.१५ मिलिमीटरचा आणि वजनानेही जड. स्नूकरच्या क्यूची टिप साधारण साडेनऊ ते दहा मिलिमीटर रुंद असते, पूलच्या क्यूची मात्र १२ ते १३. एवढ्या बारीक आणि मऊ टिपेने रोज पंधरा बॉलचा रॅक, म्हणजे त्रिकोणात रचलेला गठ्ठा, फोडला, तर टिप दबून कडेने बाहेर फुगते, तिची गोलाई बिघडते आणि नंतर नाजूक स्क्रू (मागची फिरकी) किंवा साइड (बाजूची फिरकी) देताना ती घसरू लागते. माझ्या ॲश लाकडाच्या क्यूची टिप अशीच एका पावसाळ्यात निकामी झाली आणि टिपेखालचे पितळी टोपण, म्हणजे फेरूलही सैल झाले. ब्रेक तर सुधारला नाहीच, शिवाय पॉटिंग बिघडले, आणि त्याचे कारण लक्षात येईपर्यंत दोन महिने मी आपल्या हातालाच दोष देत होतो. तेव्हा वेगळा ब्रेक क्यू परवडत नसेल, तर पार्लरमधला एखादा सरळ, घट्ट टिपेचा हाउस क्यू ब्रेकसाठी ठरवून घ्यावा. निम्मे काम त्यानेही होते.

जड क्यू म्हणजे जोरदार ब्रेक, हा समज दुकानात आणि पार्लरमध्ये सारखाच पक्का आहे. १९ औंसांचा, म्हणजे साधारण ५४० ग्रॅमचा क्यू आणि २१ औंसांचा, म्हणजे ५९५ ग्रॅमचा क्यू, हे दोन्ही अगदी एकाच वेगाने सहा औंसांच्या व्हाइटवर, म्हणजे क्यूने मारायच्या पांढऱ्या बॉलवर, आदळले, असे धरू. टकरीच्या साध्या हिशोबाप्रमाणे दुसऱ्या क्यूने व्हाइटचा वेग जेमतेम दोन-सव्वादोन टक्के वाढतो. आता जड क्यू फिरवताना हात तेवढाच मंदावला, की ती वाढही जाते. म्हणून ब्रेक क्यूचे वजन खेळायच्या क्यूच्या आसपास, १८ ते १९ औंस ठेवावे, आणि ज्या वजनाने हात मोकळा व सरळ चालतो तेच कायम करावे. बऱ्याच क्यूंच्या बटमध्ये, म्हणजे मागच्या जाड भागात, वजनाचा बोल्ट असतो आणि तो बदलता येतो, त्यामुळे केवळ वजनासाठी नवा क्यू घेण्याची गरज नसते.

खरा फरक टिपेच्या कठीणपणाने पडतो. ब्रेक क्यूला फिनोलिकची, म्हणजे एका कठीण प्लास्टिकची, किंवा अतिशय कठीण दाबलेल्या चामड्याची टिप असते. मऊ चामडे आघाताची काही ऊर्जा आपल्यातच जिरवते, फिनोलिक फार कमी जिरवते, आणि त्यामुळे हाताचा वेग तोच असला तरी व्हाइट सुमारे सहा-सात टक्के अधिक वेगाने निघू शकतो. हा फायदा खरा आहे, परंतु त्याची किंमतही आहे. फिनोलिकवर चॉक नीट धरत नाही, म्हणून टिप अधूनमधून हलकी खरबरीत करून घ्यावी आणि प्रत्येक ब्रेकआधी चॉक लावावा. चॉक न लावता मारलेला फिनोलिकचा फटका मध्यापासून जरा सरकला तरी घसरतो. शिवाय अशी टिप व्हाइटवर खुणा पाडू शकते, त्यामुळे काही पार्लरमालकांना ती खपत नाही. त्यांना आधी विचारणे हेच सभ्यपणाचे. स्पर्धेत उतरणार असाल, तर टिपेच्या साहित्याबद्दल आयोजकांचा नियम आधी पाहावा. जागतिक नियमांनुसार क्यू किमान ४० इंच लांब, २५ औंसांच्या आतला आणि त्याची टिप १४ मिलिमीटरपेक्षा रुंद नसलेली हवी.

यापुढची चूक क्यूची नसून नेमाची आहे, आणि नवा क्यू आल्यावर ती वाढते, कारण नवा क्यू हातात आला की प्रत्येकजण जोर वाढवतो. एट-बॉल या पूलच्या प्रकारात रॅकच्या पहिल्या बॉलवर व्हाइट पूर्ण समोरून लागायला हवा. तो अर्ध्या बॉलवर लागला, तर व्हाइटचा निम्मा वेग त्याच्याकडेच राहतो, म्हणजे एक चतुर्थांश ऊर्जा रॅकला मिळतच नाही. टिपेने कमावलेले सारे त्यात गेलेच, वर तो उरलेला वेग घेऊन व्हाइट बाजूच्या कुशनकडे आणि पुष्कळदा थेट मधल्या पॉकेटमध्ये जातो. ब्रेकनंतर व्हाइट कुठे थांबला, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. तो टेबलाच्या मध्यावर थोडा मागे येऊन स्थिरावला, तर फटका बरोबर होता. तो डावीकडे किंवा उजवीकडे पळाला, तर पहिला बॉल पूर्ण लागलेला नाही. रॅकमध्ये पुढे घुसला, तर टिप वर लागली, आणि परत तुमच्याकडच्या कुशनपर्यंत आला, तर फार खाली लागली. व्हाइट उडून टेबलाबाहेर जात असेल, तर तुमच्या क्यूचा मागचा भाग वर उचललेला आहे. तो शक्य तितका आडवा करावा आणि एकदा जोर निम्म्यावर आणून पाहावा.

नेम नीट लावूनही व्हाइट एकाच बाजूला सरकत असेल, तर ब्रिज, म्हणजे क्यूला टेबलावर आधार देणारा हात आणि त्याचे व्हाइटपासूनचे अंतर, तपासावे. जोरात मारताना टिप मध्यापासून थोडी सरकणे अगदी स्वाभाविक असते. टिप उजवीकडे लागली की व्हाइट किंचित डावीकडे ढकलला जातो, पण त्याच वेळी क्यूचे टोक उजवीकडे वळलेले असते. ब्रिजचा हात व्हाइटपासून विशिष्ट अंतरावर असेल, तर हे दोन परिणाम एकमेकांना खोडून काढतात आणि चुकलेला हातही व्हाइटला सरळ पाठवतो. हे अंतर प्रत्येक शाफ्टचे, म्हणजे क्यूच्या पुढच्या बारीक भागाचे, निराळे असते, म्हणून खेळायच्या क्यूचा ब्रिज ब्रेक क्यूला जसाच्या तसा चालेल असे नाही. ते शोधण्यासाठी रॅक न लावता क्यू सरळ रेषेत धरावा, ब्रिजचा हात न हलवता मागचा हात थोडा डावीकडे नेऊन टिप उजवीकडे आणावी आणि ब्रेकच्या जोराने मारावे. व्हाइट उजवीकडे गेला, तर ब्रिज लांब करावा, डावीकडे गेला, तर आखूड करावा. सरळ गेला, की बोटांची जागा मनात पक्की करावी. ब्रेक क्यूकडून नेमाला काही मदत होत असेल, तर ती इथेच होते, आणि हे अर्ध्या तासाचे काम बहुतेक खेळाडू कधीच करत नाहीत.

रॅककडेही एकदा वाकून पाहावे. पहिला बॉल आणि त्यामागचे दोन यांच्यात कागदाएवढी फट असली, तरी धक्का पुढे नीट पोहोचत नाही आणि बॉल मागच्या बाजूला पुंजक्यात राहतात. रोजच्या खेळाने कापडावर पहिल्या बॉलच्या जागी खड्डा पडतो आणि बॉल त्यात आपोआप सरकतो, त्यामुळे रॅकची चौकट उचलताना फट पुन्हा पडते. पातळ प्लास्टिकचा टेम्प्लेट रॅक वापरला, तर हा त्रास बराच कमी होतो. इंदूरच्या पावसाळ्यात दमट हवेने कापड जड होते आणि चॉक बसलेले बॉल एकमेकांना चिकटल्यासारखे वागतात. अशा दिवसांत बॉल पुसून कोरडे केल्याखेरीज कोणत्याही क्यूबद्दल मत बनवू नये. उन्हाळ्यातली काळजी वेगळी आहे. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ठेवलेला लाकडी शाफ्ट वाकतो आणि टिपेचा गोंद सुटतो, म्हणून क्यू घरात, भिंतीला न टेकवता, पेटीत ठेवावा.

नवा क्यू खरेच उपयोगी पडतो आहे का, हे मोजताही येते. फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करून टिपेचा टक आणि रॅकचा कडकडाट यांतील वेळ पाहावा. आठ फुटी टेबलावर व्हाइट हेड रेषेवर (ब्रेक करणाऱ्याच्या बाजूने पाव लांबीवरच्या रेषेवर) ठेवला, तर त्याला रॅकपर्यंत सुमारे १०६ सेंटिमीटर जावे लागते. हे अंतर ०.१५ सेकंदात कापले, तर वेग ताशी साधारण २५ किलोमीटर होतो. व्यावसायिक खेळाडू ३० ते ४० च्या दरम्यान असतात. जुन्या क्यूने वीस आणि नव्याने वीस ब्रेक आलटूनपालटून करावेत, आणि वहीत वेळेबरोबर व्हाइट कुठे थांबला व किती बॉल गेले, हेही लिहावे. दुकानदार किंवा मित्र एखादा क्यू दोन दिवसांसाठी द्यायला तयार असेल, तर ही वही विकत घेण्यापूर्वीच भरावी. चाळीस ब्रेकनंतर दोन्ही रकाने सारखेच दिसले आणि ब्रेकसाठी तुमच्याकडे पार्लरचा हाउस क्यू असलाच, तर ते पैसे टेबलाच्या भाड्यासाठी राखून ठेवावेत.