लॅपटॉपला वायफाय लागत नाही? आधी राउटरवरचा हात काढा

चवथीच्या दोन दिवस आधी डिचोलीहून मावशीचा फोन आला. "अरे, घरातलं सगळं नेट गेलंय, जरा येऊन जा." जाऊन बघतो तर वसरीत गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान पसरलेलं आणि मावशीचा नातू सेफ्टी पिन हातात घेऊन राउटरसमोर बसलेला. मुळात बिघडलं होतं एवढंच, की मुंबईहून आलेल्या मावसबहिणीच्या लॅपटॉपला वायफाय लागत नव्हतं. घरातल्या बाकी सगळ्या फोनवर नेट व्यवस्थित चालू होतं. पण राउटरच्या मागच्या बारीक भोकात पिन घालून दहा सेकंद दाबलं की सगळं ठीक होतं, असं त्या मुलानं एका व्हिडिओत पाहिलं होतं. त्यानं दाबलं.

झालं असं, की नेटवाल्यानं जोडणी देताना भरलेलं युजरनेम, पासवर्ड, घरच्यांनी ठेवलेलं वायफायचं नाव, सगळं पुसलं गेलं. युजरनेम कुणीच लिहून ठेवलं नव्हतं. नेटवाल्याचं ऑफिस सणासाठी बंद. लॅपटॉप मी हातात घेतला आणि मिनिटभरात कारण सापडलं: एअरप्लेन मोड. कीबोर्डच्या वरच्या रांगेतल्या विमानाचं चित्र असलेल्या बटणाला कुणाचं तरी बोट लागलं होतं. ते परत दाबल्यावर लॅपटॉप सुधारला, पण तोवर जोडायला नेटच उरलं नव्हतं. ऐन चवथीत चार दिवस ते घर फोनच्या डेटावर चाललं.

म्हणून कळकळीनं सांगतो, रीस्टार्ट आणि रीसेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रीस्टार्ट म्हणजे राउटरचा प्लग काढायचा, अर्धा मिनिट थांबायचं, परत लावायचा आणि दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटं धीर धरायचा. त्यानं काहीही पुसलं जात नाही. पिन घालून केलेला रीसेट हा शेवटचा उपाय, आणि तोही युजरनेम-पासवर्ड हातात असेल तरच. माझ्या घरी ते दोन्ही एका कागदावर लिहून राउटरच्या पोटाला चिकटपट्टीनं लावलेले आहेत. तुम्हीही आजच लावा.

दुसरी चूक म्हणजे दुखणं कुठलं हे न बघता औषध सुरू करणं. आधी फोन घ्या, त्याचा मोबाइल डेटा बंद करा आणि त्याच वायफायवर एखादं पान उघडा. उघडलं, तर राउटर आणि लाइन ठीक आहे, चूक बहुधा लॅपटॉपकडे आहे. मग बघा: वायफायचं नाव यादीत दिसतच नाही, की दिसतं पण जोडत नाही, की जोडतं पण नेट चालत नाही? ही तीन वेगळी दुखणी आहेत. "वायफाय लागत नाही" एवढंच सांगून कुणीही फोनवर मदत करू शकत नाही.

नाव दिसत नाही, ही तक्रार आमच्याकडे जुन्या घरांतून फार येते. राउटर वसरीत, अभ्यासाची खोली मागे, आणि मध्ये चिऱ्याच्या हातभर जाड दोन-तीन भिंती. आजचे बहुतेक राउटर दोन लहरींवर चालतात: २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. पाचची वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमते. २.४ची हळू, पण लांब पोचते. फोंड्याला आमच्या घरी मागच्या खोलीत पाचचं नाव उन्हाळ्यात कसंबसं एक काडी दाखवतं, आणि चिरा पाणी प्यायला की आषाढात तेही गायब होतं. शिवाय बऱ्याच जुन्या लॅपटॉपना पाचची लहर मुळात पकडताच येत नाही. दोन्ही लहरींना एकच नाव असेल तर हा घोळ कळतच नाही. मी राउटरच्या सेटिंगमध्ये दोघींना वेगळी नावं देतो आणि मागच्या खोलीतला लॅपटॉप २.४ वरच जोडतो. राउटर टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर ठेवू नका.

नाव दिसतं पण जोडत नाही? राउटरचा पासवर्ड बदलला असेल, तर लॅपटॉप जुनाच पाठवत राहतो. ते नेटवर्क 'फरगेट' करा, म्हणजे लॅपटॉपला विसरायला लावा, पासवर्ड पुन्हा टाका, आणि टाकताना डोळ्याचं चिन्ह दाबून अक्षरं वाचा. कीबोर्ड मराठीवर राहिलेला असणं ही नेहमीची गोष्ट. राउटर नवा आणि लॅपटॉप जुना असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये वायफायच्या सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर नाही ना, तेही पाहा. जुनी डब्ल्यूपीए२ आणि नवी डब्ल्यूपीए३ दोन्ही चालतील असा पर्याय निवडा.

जोडतं पण पानं उघडत नाहीत? व्हीपीएन, म्हणजे नेट दुसऱ्या सर्व्हरवरून फिरवणारं अ‍ॅप, चालू असेल तर बंद करा. तारीख-वेळ तपासा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (स्टार्टमध्ये cmd लिहिलं की उघडते ती काळी खिडकी) आयपीकॉन्फिग (ipconfig) लिहिल्यावर वायफायचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर राउटरनं लॅपटॉपला पत्ताच दिलेला नाही. दोघांनाही रीस्टार्ट करा.

विंडोजमधला 'नेटवर्क रीसेट' मी सर्वात शेवटी करतो, कारण तो साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड विसरतो. वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, नव्यानं घालायचा झाला तर तो मात्र कुठल्याही 'एका क्लिकमध्ये सगळं दुरुस्त' करणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरकडून घेऊ नका. अशा सॉफ्टवेअरनं बिघडवलेले लॅपटॉप मी साफ करत बसलोय, त्यात रविवार गेलेत. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून तिथूनच घ्या. नेट नसेल तर फोन केबलनं लॅपटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलवरून लॅपटॉपला देणं) चालू करा, वायफाय बिघडलेलं असतानाही ते चालतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच तपासा. पाच गोष्टी एकदम बदललेला लॅपटॉप माझ्याकडे येतो, तेव्हा मला आधी ते पाचही बदल उलटे करावे लागतात.

आणि फोनवरही नेट नसेल, फायबरच्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागला असेल, तर लॅपटॉप बंद करून ठेवा. पावसाळ्यात बहुतेक वेळा माडाची झावळ नाहीतर फांदी पडून बाहेरची तार तुटलेली असते. नेटवाल्याला फोन लावा, लाल दिवा आहे हे पहिल्या वाक्यात सांगा, आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या.